हिस्पॅनिक नक्की कोण? वसईच्या एका परेराचं अमेरिकन सरकारला खुलं पत्र

प्रति,
ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट, म्हणजे ओएमबी (सरकारी फॉर्मवरच्या वंशाच्या व्याख्या ठरवणारं खातं), वॉशिंग्टन
आणि सेन्सस ब्युरो (जनगणना करणारं खातं), सूटलँड, मेरीलँड

साहेब आणि मॅडम,

पत्र मराठीत लिहितोय. तुमच्यापैकी कुणी वाचणार नाही हे माहितीय, पण इंग्लिशमध्ये लिहायला बसलो की मी फारच सभ्य होतो, दोनदा सॉरी आणि चारदा काइंडली लिहितो आणि जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. आणि इथे माझ्यासारखे लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज, फर्नांडिस ढिगाने आहेत, ते तरी वाचतील.

मी परेरा. गाव नंदाखाल, तालुका वसई. चौदा वर्षं झाली न्यू जर्सीत. घरी आम्ही कादोडी, म्हणजे आमच्या लोकांची बोली, बोलतो, बाकी मराठी लोकांशी मराठी, मुलं आमच्याशी इंग्लिश बोलतात तो वेगळा विषय. पोर्तुगीज आमच्या घरात कुणालाच येत नव्हती, आजीला चर्चमधलं लॅटिन पाठ होतं पण त्याचा अर्थ तिलाही माहीत नव्हता. स्पॅनिशचा तर दूरदूरपर्यंत संबंध नाही.

झालं काय, गेल्या महिन्यात एका दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही, रिसेप्शनवरच्या बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी लायसन्सवरचं आडनाव बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हसून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मी म्हटलं नो स्पॅनिश. त्यावर त्यांनी ज्या नजरेने बघितलं ना, आईची भाषा विसरलेल्या पोराकडे गावची म्हातारी माणसं बघतात तसं. घरी येऊन पोर्टल उघडतो तर तिथे माझ्या नावापुढे एथ्निसिटी हिस्पॅनिक ऑर लॅटिनो, रेस अदर, म्हणजे मूळ स्पॅनिश किंवा लॅटिन अमेरिकन आणि वंश इतर. मी कशालाच टिक केली नव्हती. फोन केला तर म्हणे सिस्टमने घेतलं असेल.

आता आपल्याकडे कुणी "पूर्ण नाव सांगा" म्हटलं की ते कशासाठी विचारतायत हे आपल्याला बरोबर कळतं, आडनावावरून माणसाची जात काढायची सवय आपल्याला आईच्या दुधातून मिळालेली आहे, त्यामुळे मी त्या बाईंना कुठल्या तोंडाने बोलणार. पण मनात आलं की या हिस्पॅनिक शब्दाची तुमच्याकडे काहीतरी व्याख्या असेलच ना. मग रोज रात्री पोरं झोपली की वाचत बसलो. बायको म्हणाली रिपोर्टमध्ये शुगर वाढलीय ते वाच आधी.

तर वाचल्यावर पहिलं हे कळलं की आडनावावरून माणूस ओळखायचं खूळ त्या बाईंचं नाहीये, ते तुमच्या घरातूनच आलंय. १९३० च्या जनगणनेत तुम्ही मेक्सिकन ही चक्क एक रेस केली. त्यावर मेक्सिकन अमेरिकन लोकांनी आणि मेक्सिकोच्या सरकारनेही आरडाओरडा केला, तेव्हा ती काढली आणि १९४० ला हेच लोक पुन्हा व्हाइट झाले, फक्त मातृभाषा स्पॅनिश आहे का तेवढं काही लोकांना विचारलं. मग १९५० आणि १९६० ला टेक्सास, कॅलिफोर्निया, अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांच्या याद्या घेऊन मोजणी केली. म्हणजे आमच्या गावचा एखादा रॉड्रिग्ज तेव्हा चुकून टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत जाऊन राहिला असता तर त्याला न विचारताच तो यादीत. १९७० ला एकदाचं काही घरांना सरळ विचारलं की तुमचं मूळ काय, मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्युबन, की सेंट्रल ऑर साउथ अमेरिकन. तर अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या राज्यांतल्या बऱ्याच लोकांनी, आपण अमेरिकेच्या साउथमध्येच तर राहतो, म्हणून शेवटच्यावर खूण केली. हे वाचून मी एकटाच हसत बसलो. माणसाला मूळ विचारलं की तो पत्ता सांगतो, हे आमच्याकडेही तसंच आहे.

मग १९७६ चा कायदा आला, की स्पॅनिश मूळ असलेल्या अमेरिकन लोकांची आकडेवारी वेगळी गोळा करा. आणि हे मी मान्य करतो की तो कायदा फुकट आला नाही, मेक्सिकन आणि प्युर्टो रिकन लोकांना बेरोजगारी, घरं, शाळा यात आपण किती मागे आहोत हे दाखवायला आकडेच नव्हते, आकडे नाहीत म्हणून प्रॉब्लेम नाही असं सरकार म्हणायचं. त्यामुळे फॉर्मवर खूण करायच्या तुमच्या त्या चौकोनांवर माझा राग नाही. आम्ही भारतीय तरी कुठे वेगळे, १९७० च्या जनगणनेत आम्हाला व्हाइट धरलं होतं आणि १९८० ला एशियन इंडियन नावाचा चौकोन आला तो आपल्याच लोकांनी मागून घेतलेला. चौकोन नसला की माणूस असूनही नसतो, हे कळतं मला.

पण १९७७ ला तुम्ही जे डायरेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या सरकारी खात्यांसाठीचा नियम, पंधरा नंबरचं काढलंत त्यात लिहिलंय की हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्युबन, सेंट्रल किंवा साउथ अमेरिकन किंवा इतर स्पॅनिश संस्कृती किंवा मूळ असलेली व्यक्ती, मग तिची रेस कुठलीही असो. त्यात "संस्कृती किंवा मूळ" मधला तो "किंवा" आहे ना, माझं सगळं पत्र त्या एका शब्दावर आहे. मूळ म्हणजे काय तेही तुम्ही सांगता, की वारसा, राष्ट्रीयत्व, वंशावळ, किंवा तुमचा, आईवडिलांचा नाहीतर पूर्वजांचा अमेरिकेत येण्याआधीचा देश. म्हणजे यातलं कुठलंही. लग्नाच्या जाहिरातीत "अनुरूप स्थळ पाहिजे" लिहितात तसं झालं हे.

आता मी एक एक करून स्वतःला लावून बघितलं.

आडनाव, ते आहे. पण ते कुठून आलं? १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी ती घेतली, मधली दोनशे पाच वर्षं आमचे पूर्वज त्यांच्या राज्यात होते. बाप्तिस्मा झाला की पाद्रीचं नाहीतर गॉडफादरचं आडनाव लागायचं. रक्त नाही आलं, आडनाव आलं. आमचे लोक तर स्वतःला सामवेदी म्हणवतात आणि घरोघरी ती गोष्ट सांगितली जाते, केळी आणि पानवेलीच्या वाड्या करणारी माणसं, लिस्बन कुठल्या दिशेला आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

संस्कृती म्हणाल तर चर्च आहे, नाताळ आहे, लाल साड्या नेसलेल्या आमच्या आज्या आहेत ज्या तुम्ही स्पेनमध्ये शोधून सापडणार नाहीत. आणि पोर्तुगीज शब्द घरात आहेत म्हणून संस्कृती मोजायची तर पगार घेऊन, चावीने दार उघडून, बादलीभर पाण्याने आंघोळ करून पाव बटाटा खाणारा अख्खा महाराष्ट्र आत घ्यावा लागेल. पगार, चावी, बादली, पाव, बटाटा, सगळे तिथलेच शब्द. हापूससुद्धा.

राज्यकर्ता म्हणाल तर इथे गंमत आहे. आम्ही पोर्तुगीजांकडे होतो, स्पॅनिश लोकांकडे नाही, असं मी आयुष्यभर समजत होतो. पण १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, फिलिप नावाचे तीन, एकामागून एक. म्हणजे साठ वर्षं वसई आणि गोवा दोन्ही माद्रिदच्या राजाकडे. कागदावर बघायला गेलं तर नंदाखाल हे स्पेनच्या राजाचं गाव होतं की! हे मी माझ्या ब्राझिलियन मित्राला सांगितलं तर तो म्हणाला बघ, तू माझ्यापेक्षा जास्त हिस्पॅनिक निघालास.

त्या मित्राचीच गोष्ट सांगायची आहे मुख्य, बाकी सगळं उगाच लांबलं.

तो नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात राहतो, तिथे पोर्तुगीज आणि ब्राझिलियन लोकांची अख्खी वस्ती आहे, बेकऱ्या आहेत, आमच्या पावाची आजी म्हणावी असे पाव मिळतात. तो स्वतःला लॅटिनो म्हणतो. ब्राझील साउथ अमेरिकेत आहे, लॅटिन अमेरिकेत आहे, आणि तुमच्याच वाक्यात "साउथ अमेरिकन" शब्द आहे, मग त्याने फॉर्मवर हिस्पॅनिक ऑर लॅटिनोला हो म्हटलं तर त्यात चूक काय. पुढे रेघेवर लिहिलं ब्राझिलियन. आता तुम्ही जगाला काय सांगता, की आम्ही कुणाला काही ठरवून देत नाही, जो माणूस स्वतःला जे म्हणेल ते आम्ही लिहून घेतो. पण प्रत्यक्षात तो फॉर्म तुमच्याकडे आला की तुमचं कोडिंग, म्हणजे उत्तरांची वर्गवारी, "ब्राझिलियन" हा शब्द बघतं आणि गुपचूप त्याचा हो पुसून नाही करतं. कारण तुमच्या हिशोबात ब्राझील स्पॅनिश संस्कृतीत येत नाही. त्याला पत्र नाही, फोन नाही, काही नाही. त्याला आजपर्यंत वाटत होतं की तो मोजला गेला.

आणि हे बाहेर कसं आलं, तर तुमच्याच चुकीने. २०२० च्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत, म्हणजे तुमच्या दरवर्षीच्या पाहणीत, ते पुसायचं काम करायचं राहून गेलं, आणि एका वर्षात किमान ४ लाख १६ हजार ब्राझिलियन हिस्पॅनिक निघाले, देशातल्या ब्राझिलियनांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त. आदल्या वर्षी हाच आकडा जेमतेम १४ हजार होता. म्हणजे इतकी वर्षं इतके लोक हो म्हणत होते आणि तुम्ही ऐकत नव्हता. प्यू रिसर्च सेंटर नावाच्या अभ्यास संस्थेने ते शोधून छापलं तेव्हा लोकांना कळलं.

मला सांगा, यात स्वतःची ओळख स्वतः सांगणं कुठे राहिलं? सांगा पण आम्हाला पटेल तेच सांगा, असं झालं हे. आमच्या आत्याकडे जेवायला गेलो की ती विचारते काय खाणार, आणि मग जे केलेलं असतं तेच वाढते. पण आत्या निदान समोर वाढते.

दुसरी बाजू पण बघा. त्याच दवाखान्यात माझं ब्लडप्रेशर घेणारी नर्स फिलिपिनो होती, जर्सी सिटीकडची. तिचं आडनाव माझ्यापेक्षा स्पॅनिश. १८४९ ला तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढून लोकांना एका छापील यादीतून आडनावं वाटली, गावागावाला पानं फाडून दिल्यासारखी. १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य, तीनशेच्या वर वर्षं, धर्म तोच, नावं तीच, भाषेत स्पॅनिश शब्द किती ते विचारू नका. तिची खूण एशियनवर, आणि तिची काही तक्रारही नाही. आणि ग्वाटेमालातून आलेला, तिथल्या माया नावाच्या मूळनिवासी समाजातला माणूस, ज्याच्या आईला स्पॅनिश धड येत नाही, ज्याच्यावर स्पॅनिश आडनाव तसंच लादलं गेलं जसं नर्सच्या पणजोबावर आणि माझ्या खापरपणजोबावर, तो मात्र हिस्पॅनिक. तिघांची कहाणी एकच आहे, पाद्री आला, नाव बदललं, राजा लांब कुठेतरी बसला होता. मग तिघांत फरक काय? तर नकाशा. तुम्ही वंश बघत नाही, भाषा बघत नाही, आडनाव तर सोडलंच, तुम्ही फक्त वीसेक देशांची यादी बघता. तसं असेल तर असू दे, मला त्यात वाईट वाटत नाही, पण मग तसं लिहा ना. "संस्कृती किंवा मूळ" कशाला लिहिता, लिहा की खालील देशांपैकी.

आणि एकाच सरकारात दोन याद्या तरी नकोत. तुमच्या वाहतूक खात्याच्या कंत्राटांच्या नियमात हिस्पॅनिकची जी व्याख्या कित्येक वर्षं होती त्यात "स्पॅनिश किंवा पोर्तुगीज संस्कृती किंवा मूळ" असं होतं. म्हणजे रस्ता बांधायला गेला तर पोर्तुगालचा माणूस हिस्पॅनिक आणि जनगणनेत आला की नाही. एक मित्र मला म्हणाला, अरे परेरा, काढ एखादी कंपनी, पूल बांध. मग वाचलं तर त्याच नियमात भारतीय उपखंडातल्या लोकांचा वेगळा उल्लेख होताच, म्हणजे मला आडनाव वापरायची गरजच नव्हती. मोहाचा क्षण असा वाया गेला. पण खरं सांगतो, दोन मिनिटं मी विचार केला होता.

हे का सांगतोय, कारण काही लोक म्हणतील की तुला हिस्पॅनिक म्हटलं त्याचा तुला अपमान वाटला. अजिबात नाही. माझ्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर डॉमिनिकन कुटुंब आहे, बर्फ पडला की त्यांचा मुलगा माझी गाडी उकरून देतो, मी त्यांच्यात मोजला गेलो तर मला काय कमीपणा. त्रास हा आहे की ज्या आकड्यासाठी त्यांची माणसं पन्नास वर्षांपूर्वी भांडली त्यात माझ्यासारखे चार वसईकर घुसले तर तो आकडा खोटा होतो. माझी शुगर त्यांच्या खात्यात, आणि आमच्या भारतीयांच्या खात्यातून एक पेशंट कमी.

आता तुमचा नवा नियम. २८ मार्च २०२४ ला तुम्ही डायरेक्टिव्ह पंधरा बदललंत, आधी हिस्पॅनिक आहात का असा एक प्रश्न आणि मग रेसचा दुसरा, असे दोन प्रश्न होते ते एकत्र करून एकच केलात, सात चौकोन, हवे तितके निवडा. मिडल ईस्टवाल्यांना पहिल्यांदा स्वतःचा चौकोन मिळाला, बरं झालं, तेही किती वर्षं व्हाइट म्हणून बसले होते. व्याख्येत साल्वाडोरन, डॉमिनिकन, ग्वाटेमालन ही नावं घातलीत. पण "संस्कृती किंवा मूळ" जागच्या जागी. वर "रेस कुठलीही असो" ते गेलं.

दोन प्रश्न होते तेव्हाही घोळ होताच, तो मी नाकारत नाही. हिस्पॅनिकला हो म्हटल्यावर पुढे रेस विचारली की लोक गोंधळायचे, काय लिहू, मी तर सांगितलं ना आत्ताच मी कोण. मग "सम अदर रेस", म्हणजे दुसरी कुठलीतरी रेस, या चौकोनावर खूण. प्युर्टो रिकोचं बघा, २०१० ला तिथले ७५.८ टक्के लोक फक्त व्हाइट होते आणि २०२० ला १७.१ टक्के. दहा वर्षांत बेटावरची माणसं बदलली का? माणसं तीच, तुमचा फॉर्म बदलला आणि लिहिलेलं वाचायची पद्धत बदलली, काही लोकांचं मनही बदललं असेल, पण एवढं? ज्या आकड्याला फॉर्मची छपाई बदलली की असा खड्डा पडतो त्याला तुम्ही वंश कसं म्हणता हे मला कळत नाही.

पण एकच प्रश्न केल्याने नवीन भीती अशी की काळा डॉमिनिकन माणूस एका चौकोनावर खूण करून थांबेल. खालच्या मजल्यावरच्या काकांना मी विचारलं, नवीन फॉर्म आला तर काय करणार. ते म्हणाले हिस्पॅनिक, आणखी काय. ते बऱ्यापैकी काळे आहेत, त्यांना पोलीस थांबवतात ते चौकोन बघून थांबवत नाहीत. म्हणून म्हणतो, "हवे तितके निवडा" हे तुम्ही जिथे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिणार आहात ना, ते मोठं लिहा.

आणि पिढ्यांचं काय? तुम्ही मूळ म्हणता, पण मूळ टिकत नाही. प्यूवाल्यांनीच २०१७ ला छापलं होतं की हिस्पॅनिक पूर्वज असलेल्यांपैकी बाहेर जन्मलेले जवळपास सगळे स्वतःला हिस्पॅनिक म्हणतात, आणि चौथ्या पिढीपर्यंत निम्मेच उरतात. पूर्वज तर तेच असतात. उलट न्यू मेक्सिकोत अशी घरं आहेत जी १५९८ पासून तिथे आहेत, ती अमेरिकेत आलीच नाहीत, १८४८ ला देशाची सीमाच त्यांच्यावरून सरकली, आणि ते चारशे वर्षांनीही आम्ही स्पॅनिश म्हणतात. आणि कॅलिफोर्नियात शंभर वर्षांपूर्वी पंजाबी शेतमजुरांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, पोरांची पहिली नावं स्पॅनिश आणि आडनाव सिंग. त्यांना सिस्टम काय म्हणणार? आडनाव बघून भारतीय म्हणणार ना. आणि मला आडनाव बघून हिस्पॅनिक. दोन्ही चुकलं.

माझ्या मागण्या फार नाहीत. पहिली, दवाखाने, शाळा, कंपन्या जे कोणी हा प्रश्न विचारतात त्यांना सांगा की माणूस समोर असेल तर त्याला विचारा, आडनावावरून भरू नका, आणि न विचारता भरलं असेल तर तसं लिहून ठेवा. दुसरी, तुम्ही कुणाचं उत्तर बदलणार असाल तर ते फॉर्मवरच छापा, की ब्राझील, पोर्तुगाल, फिलिपाइन्स असं लिहिलंत तर आम्ही तुम्हाला हिस्पॅनिक धरणार नाही. मग तो माणूस तिथेच भांडेल, नाहीतर सोडून देईल, पण त्याला कळेल तरी. आणि "संस्कृती" हा शब्द ठेवायचा असेल तर तिचा अर्थ सांगा नाहीतर काढून टाका, कारण तो तुम्ही वापरतच नाही आहात.

दवाखान्याचं म्हणाल तर मी दुरुस्तीचा अर्ज दिलाय. त्यात दुरुस्तीचं कारण लिहायला एकच रेघ होती. बराच वेळ पेन धरून बसलो, १५३४ पासून सुरू करायचं होतं पण जागा नव्हती, शेवटी लिहिलं बॉर्न इन इंडिया. दोन आठवडे लागतील म्हणाले. काल त्यांचा मेसेज आला, स्पॅनिशमध्ये. मला वाटलं अर्जाचं उत्तर असेल म्हणून नेवार्कच्या मित्राला पाठवला, त्यालाही स्पॅनिश अर्धवटच येते, त्याने पोर्तुगीजच्या अंदाजाने वाचून सांगितलं की मंगळवारी साडेनऊला रक्त द्यायला ये, उपाशीपोटी.

आपला,
एक परेरा
मुक्काम न्यू जर्सी, मूळ नंदाखाल